सम नंबरच्या गाई

जयेंद्रगंज, लष्कर-ग्वाल्हेर
१२ जून १९४९

चि. सौ. वनूस,

तुझं पत्र काल पोचलं. शरच्चंद्ररावांना माझ्या प्रयोगाचा गोषवारा हवा आहे, हे त्यांनी स्वतः न लिहिता तुझ्याकडून लिहवलं, यातच मी काय ते समजलो. विलीनीकरणाच्या दप्तरात बसलेल्या माणसाने बायकोच्या मावसभावाला सरकारी कागदावर पत्र लिहिणं बरं दिसत नाही. तेव्हा मीही तुलाच लिहितो.

दोन संस्थानांची दोन पशुवैद्यक खाती होती, आता एकच होणार. जागा एक, आणि माणसं दोन: ग्वाल्हेरचा मी आणि तुमच्या इंदूरकडचे एक गृहस्थ. ज्याचं नाव यादीत खाली जाईल तो 'अतिरिक्त'. शेहेचाळिसाव्या वर्षी अतिरिक्त होणं म्हणजे काय, ते इथे रोज पाहतो. संस्थानचा रिसाला, म्हणजे घोडदळ, मोडला तेव्हा किला गेटकडची कितीतरी मराठा घरं एका आठवड्यात अतिरिक्त झाली. त्यांतल्याच एका कान्होजीला मी आमच्या सरकारी गोठ्यावर मुकादम म्हणून घेतलं. तीस वर्षं घोडे सांभाळलेला माणूस आता गाई सांभाळतो, आणि त्यांना अजून 'घोडी' म्हणतो.

प्रयोग असा. गाईची कास सुजते, दगडासारखी होते. इथे त्याला थनैला म्हणतात. दुधाचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढऱ्या रक्तपेशींची दाटी दिसते. या पेशी शरीराने मदतीला धाडलेल्या असतात. पण काम संपलं तरी त्या परत जात नाहीत, आणि मग त्यांच्याच गर्दीने सड कायमचा बंद होतो. माझी कल्पना अशी की धडधाकट बैलाच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, आजारी गाईला टोचलं तर ही गर्दी ओसरेल. चोवीस गाई घेतल्या. कानातल्या बिल्ल्याचा नंबर सम असेल तिला सीरम, विषम असेल तिला नाही. धार सगळ्यांची दोनच वेळा, चारा एकच. पाचव्या दिवशी सम नंबरच्या गाईंत साठाच्या बारा पेशी उरल्या. विषम नंबरच्या चाळिसाखाली उतरल्या नाहीत.

निवड मी केली नाही, आकड्यांनी केली. म्हणून या निकालावर माझा विश्वास आहे. बाकी माझ्या स्वतःवर तो किती असतो, तुला ठाऊकच आहे.

मावशीच्या हट्टाने मी निवडून पाठवलेली तुमची शेवंती गाय आता व्यायला झाली असेल. कळव.

तुझा,
भालूदादा

*

इंदूर
२४ जून १९४९

ती. भालूदादास,

नमस्कार. तुझा गोषवारा यांनी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा 'हं' म्हणाले. यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टाळ्या. दुसऱ्या दिवशी तो टंकलिखित होऊन समितीपुढे गेला, शेऱ्यासकट. शेरा काय ते सांगत नाहीत, पण जेवताना म्हणाले, "तुझ्या दादाने पहिल्यांदाच एखादं वाक्य 'बहुधा' न घालता लिहिलंय." मी म्हटलं, नशीब समजा.

शेवंती आठ तारखेला व्याली. कालवड झाली, आईसारखीच कपाळावर पांढरा ठिपका. पण चार दिवसांपासून शेवंतीच्या मागच्या दोन सडांना सूज आहे. हात लावला की पाय झाडते. दुधात दह्यासारख्या गाठी येतात. सासूबाईंनी आपला उपाय सुरू केला आहे: कडुनिंबाच्या गरम पाण्याने शेक आणि दिवसातून चार वेळा सड निपटून ते दूध राखेत टाकायचं. मला तिच्या पायाशी बसवतात. कंबर मोडली, पण सूज वाढत नाही हे खरं.

हे म्हणतात, "घरात औषधाचा शोध लावणारा माणूस असताना राख कसली चाळवताय?" तर बाटलीभर सीरम पाठव. इथले डॉक्टर टोचतील. आणि सासूबाईंचा शेक चालू ठेवायचा की नाही, तेवढं स्पष्ट लिही, कारण घरात त्यावरून दोन पक्ष पडले आहेत आणि मी दोन्हींत आहे.

तुझी,
वनू

*

जयेंद्रगंज
२८ जून १९४९

चि. सौ. वनूस,

आमच्या खात्यातले पांडुरंगराव उद्याच्या गाडीने इंदूरला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर बर्फात बाटली पाठवतो. सीरम 'सरदार' नावाच्या बैलाचं आहे. रक्त काढण्यासाठी ठेवलेल्या आमच्या चार बैलांत तो सगळ्यांत शांत. मानेत सुई शिरली तरी रवंथ सोडत नाही.

आता तुझा प्रश्न. शेक आणि निपटणं दोन्ही बंद कर. धार दोनच वेळा काढ, आमच्या गोठ्यात काढतात तशी. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा अपमान करायचा नाही हेही सांग. पण सीरम आणि शेक दोन्ही चालू राहिले तर गुण कशाचा, ते कुणालाच कळणार नाही. आजवर माझे सगळे निष्कर्ष एकाच गोठ्यातले आहेत. दुसऱ्या गावी, दुसऱ्या हाताखाली, एक तरी गाय मला स्वच्छ हवी. रोज सकाळी दुधाचा एक थेंब काचपट्टीवर पसर, वाळव आणि जपून ठेव. पट्ट्या बाटलीबरोबर देतो आहे.

हे लिहिताना मनात आलं, की गाय तुझी आहे आणि कुतूहल माझं. रोजनिशीत तसं लिहिलंही. पण बारा गाई बऱ्या झालेल्या पाहिल्या आहेत, तेराव्या गाईसाठी घाबरणं हा माझा जुना रोग आहे, असं समजून पत्र टाकतो.

भालूदादा

*

इंदूर
१६ जुलै १९४९

ती. दादास,

बाटली पोचली, डॉक्टरांनी टोचलं. उत्तराला उशीर झाला, पाहुणे होते. शेवंती ठीक आहे. काचपट्ट्यांचं मात्र माफ कर, खोका फळीवरून पडला आणि सगळ्या फुटल्या.

यांच्याकडची बातमी चांगली आहे. तुझा प्रयोग समितीला फार आवडला. सीरमच्या दोन हजार बाटल्या तयार करवून तालुक्यातालुक्याला धाडायचं घाटतं आहे. यादीत तुझं नाव वर राहील, असं हे बोलले नाहीत, पण तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र माझ्या पेटीतून मागून घेऊन दप्तरात गेले. बाटलीबरोबर छापील सूचना द्याव्या लागतात म्हणे, त्या उतरवून घ्यायला.

कालवड खेळकर आहे. तिला वाटीने दूध पाजते. दूध सध्या समोरच्या गवळ्याकडून घेतो.

वहिनींना नमस्कार.

वनू

*

जयेंद्रगंज
२ ऑगस्ट १९४९

चि. सौ. वनूस,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं सुचेल तसं लिहितो.

मी रोज सकाळी सातला गोठ्यावर जातो, नमुने घेतो, नऊला प्रयोगशाळेत येतो. हा नेम बारा वर्षांचा. परवा वरून हुकूम आला, की विलीनीकरणासाठी सगळ्या मालाची मोजदाद करा, बाल्ट्या आणि दावणीसुद्धा. म्हणून दुपारी दोनला गेलो. कान्होजी चौदा नंबरच्या गाईखाली गुडघे टेकून बसला होता. शेजारी गरम पाण्याची बाल्टी, त्यात निंबाचा पाला. फडकं पिळून कासेला लावत होता आणि चारी सड निपटून दूध जमिनीवर सोडत होता. चौदा नंबरची कास पुन्हा सुजली, म्हणून तिला मी आदल्या सकाळीच टोचलं होतं.

मी विचारलं, हे काय. त्याला प्रश्नच कळला नाही.

"सुई लागली ना साहेब तिला. टोचलेलं जनावर तीन दिवस हातावर असतं. रिसाल्याचा कायदा आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. रिसाल्यात घोड्याला सुई दिली किंवा त्याचं रक्त काढलं, की तीन दिवस एक माणूस त्याला सोडून जात नसे. मालिश, शेक, दर प्रहराला हात फिरवणं. जो सोडून जाई त्याची हजेरी कापत. गाईला मालिश काय करणार, म्हणून तो कास शेकतो आणि सड मोकळे करतो. दिवसातून चार वेळा. सगळ्या टोचलेल्या गाईंना? "बराबर, सगळ्या." आणि न टोचलेल्यांना? "त्यांना कुठे सुई लागली, साहेब?"

मी म्हटलं, मी धार दोनच वेळा सांगितली होती. तो म्हणाला, धार दोनच वेळा काढली, रजिस्टर पाहा. जमिनीवर सांडलेल्या दुधाला तो धार म्हणतच नाही. तो खोटं बोलला नाही. मी दुपारी दोनला कधी गेलो नाही, एवढंच.

म्हणजे माझ्या बारा सम गाईंना सीरमही मिळालं आणि हातही. बारा विषम गाईंना दोन्ही नाही. आकड्यांनी केलेली निवड निर्मळ होती, पण त्या आकड्यांवर दुसरा एक कायदा चालत होता आणि तो मला माहीत नव्हता. सीरम निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मला काहीच माहीत नाही असं म्हणतो.

हे समितीला कळवलं पाहिजे. कळवलं तर यादीत मी खाली जाईन. ते मी एक वेळ सोसेन. पण विचारतील, हुकूम कुणी मोडला, आणि कान्होजी एका वर्षात दुसऱ्यांदा अतिरिक्त होईल, जनावराला जीव लावल्याबद्दल. आणि शेरा शरच्चंद्ररावांचा आहे. न कळवावं तर दोन हजार बाटल्या. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी भिंतच.

काल सहा आजारी गाई वेगळ्या काढल्या. सीरम नाही, फक्त हात. कान्होजीला सांगितलं, यांना सुई लागली आहे असं समज. पंधरा दिवसांत कळेल.

हे पत्र शरच्चंद्ररावांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. हे तुझ्यावर टाकतो आहे याची लाज वाटते. शेवंती बरी आहे म्हणालीस, तरी सासूबाईंचा शेक पुन्हा सुरू कर.

भालूदादा

*

इंदूर
१२ ऑगस्ट १९४९

दादा,

शेक कुणाला करू? शेवंती घरी नाही.

तू दोनदाच धार काढ म्हणालास. मी काढली. तिसऱ्या दिवशी सूज पुढच्या सडांवर गेली. सासूबाई दर दोन तासांनी दारात येऊन म्हणत, "अगं, हात लाव तिला. जनावर तडफडतंय." मी म्हणे, दादाने नको सांगितलंय, दादाला कळतं. सातव्या दिवशी मागचे दोन सड काळे पडले आणि कातडं गार लागायला लागलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हात लावून उपयोग नाही. चारांपैकी तीन सड गेले. आटलेली गाय घरात ठेवत नाहीत इथे. सोळा तारखेला पांजरपोळात पोचवली आणि संध्याकाळी तुला 'ठीक आहे' लिहिलं. काचपट्ट्या फुटल्या नव्हत्या. सहा आहेत. शेवटच्या दोन पाहायची मला भीती वाटली.

खोटं का लिहिलं? हे म्हणाले, यादी होईपर्यंत थांब, एका गाईवरून शास्त्र ठरत नसतं. मला ते पटलं असं नाही. पण मला वाटलं, चूक माझ्याच हातून झाली असेल, तुझे आकडे तर चुकायचे नाहीत.

तुझं दोन तारखेचं पत्र यांना दाखवलं. वाचलं, घडी घातली, टेबलाच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. म्हणाले, "त्याला लिही, गणपतीपर्यंत काही लिहू नकोस म्हणावं." रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटतं घाबरलेत. इंदूरकर आणि ग्वाल्हेरकर अशी दोन टोळकी आहेत दप्तरात, आणि यांचा शेरा खोटा ठरण्याची वाट दुसरं टोळकं पाहत बसलेलं असतं.

सासूबाई माझ्याशी बोलतात. ते जास्त लागतं.

वनू

*

जयेंद्रगंज
२१ ऑगस्ट १९४९

चि. वनूस,

तुझी माफी कोणत्या शब्दांत मागायची ते कळेना, म्हणून आठवडाभर लिहिलं नाही. मला एक स्वच्छ गाय हवी होती. ती मिळाली. तुझी चूक नाही. तू माझं ऐकलंस, हीच काय ती.

त्या सहा काचपट्ट्या पाठव. शेवटच्या दोन मी पाहीन. मीच पाहायला हव्यात.

इथल्या सहा गाई: फक्त हात, सीरमचा थेंब नाही. पाच बऱ्या झाल्या. पेशी साठावरून दहा-अकरावर. सम नंबरच्या गाईंइतक्याच. सहावीच्या पेशी पस्तिसावर अडल्या आहेत, तेही लिहून ठेवलं.

निकाल हाती येताच समितीला अर्ज केला. सर्व लिहिलं. कान्होजीबद्दल एकच वाक्य: 'मुकादमाने कोणताही हुकूम मोडला नाही, मी त्याला विचारलं नव्हतं.' आणि शेवंतीबद्दल चार ओळी. अर्ज आठवड्याच्या आत परत आला, शेरा मारून: 'योग्य मार्गाने यावा.' माझा योग्य मार्ग म्हणजे आमचे जुने संचालक. त्यांची जागा जूनमध्येच रद्द झाली. त्या जागेचं टपाल सध्या कुणाकडे जातं, ते विचारलं. ते शरच्चंद्ररावांच्या टेबलावर जातं.

म्हणून आज त्यांच्याच नावाने, सरकारी कागदावर, अर्ज पाठवतो आहे. तुझ्याकडून नाही. त्यांना सांग, हे माझ्याकडून त्यांच्यावर आलेलं ओझं आहे हे मी जाणतो. तुला मध्ये घातलं, ती चूक पुन्हा करणार नाही.

भालूदादा

*

इंदूर
१९ सप्टेंबर १९४९

ती. दादास,

यादी लागली. तुझं नाव पहिलं आहे. अभिनंदन लिहायचं की नाही ते कळत नाही.

तुझ्या अर्जावर यांनी 'नोंद घेतली' असं लिहून सही केली आणि तो फाइलीला लावला. फाडला नाही, हे सांगायला मला दोनदा उठवलं. म्हणाले, "तुझ्या दादाने कळवलं, मी नोंद घेतली. यापुढे कुणीही विचारलं तर कागद आहे." कुणी विचारणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. बाटल्यांची मागणी कायम आहे.

आणखी एक. छापील सूचनापत्रकाची प्रत काल घरी आली. तिसरी सूचना वाच: 'सीरम दिल्यावर शेक व निपटणे बंद करावे. धार दोनच वेळा काढावी.' माझ्या पेटीतलं तुझं वाक्य. मी यांना म्हटलं, एवढी एक ओळ तरी काढा. म्हणाले, छापून झालं, गठ्ठे ग्वाल्हेरला रवाना झाले, वाटप तुझ्या दादाच्याच हाती आहे.

कागद हातात घेऊन सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं नाही.

काचपट्ट्या याच टपालाने.

वनू

*

जयेंद्रगंज
२७ ऑक्टोबर १९४९

चि. सौ. वनूस,

पट्ट्या पाहिल्या. शेवटच्या दोन्हींत मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. जपून ठेवल्या आहेत.

सूचनापत्रकांचे गठ्ठे आले त्या दिवशी राजीनामा लिहिला. तुझ्या वहिनीने वाचला आणि एकच विचारलं, की तुम्ही गेल्यावर ही पत्रकं कोण वाटील. जो कुणी येईल तो जशीच्या तशी वाटील. मग टोपी बाजारातल्या छापखान्यातून बोटभर चिठ्ठ्या छापून आणल्या. कान्होजी, मी आणि तुझी वहिनी, तिघांनी सहा दिवस बसून खळीने त्या तिसऱ्या सूचनेवर डकवल्या. चिठ्ठीवर असं आहे: 'सीरम दिलेल्या जनावराजवळ तीन दिवस माणूस असावा. दिवसातून चार वेळा कास शेकून सड निपटावे. एरवी सीरम लागू पडत नाही.'

शेवटचं वाक्य खोटं आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोजनिशीची तीन पानं त्यावर खर्च झाली.

आता परिणाम ऐक. पहिल्या दोन तालुक्यांतून हकिगती आल्या. सदतीस गाई, त्यांतल्या बत्तीस बऱ्या. पाटलांची आभारपत्रं आहेत, सगळी सीरमच्या नावाने. समितीने आणखी पाच हजार बाटल्या मागितल्या. शरच्चंद्ररावांचं मला पत्र आलं, पहिलंच, सरकारी कागदावर: 'निकाल समाधानकारक.' त्यांना टोमणा मारायचा नव्हता, हे मी जाणतो.

पूर्वी बैलांचं रक्त महिन्यातून एकदा काढत असू. आता दर पंधरा दिवसांनी. काल सरदारच्या मानेतून सुई काढली. त्याने या वेळी रवंथ सोडला. कान्होजीने जखमेवर बोट दाबून धरलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साहेब, हाताने बरी होतात जनावरं. आपण दोघं जाणतो. मग याचं रक्त कशाला?"

मी म्हणालो, "बाटली आल्याशिवाय लोक गाईजवळ तीन दिवस बसत नाहीत, कान्होजी."

त्याने बोट उचलून रक्त थांबलं का ते पाहिलं. मग म्हणाला, रिसाल्यातही तसंच होतं. घोड्याला सुई लागल्याशिवाय कुणाला त्याच्याजवळ बसायची सुट्टी मिळायची नाही.

कायद्याप्रमाणे तो आता सरदारजवळ तीन दिवस बसेल. दुपारी दोनला मीही जातो. बैलाला काही झालेलं नाही, त्याला बरं करायचं काहीच नाही. दोघं नुसते बसतो.

नव्या राज्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, तेव्हा दप्तरं हिवाळ्यासाठी इकडे यायला निघाली आहेत, म्हणजे तुम्हीही याल. शरच्चंद्ररावांसमोर मी कसा बसेन ते माहीत नाही, पण बसेन. सासूबाईंना घेऊन ये. त्यांना चिठ्ठी मी स्वतः वाचून दाखवीन. आणि कालवडीला आण. आमच्या गोठ्यात जागा आहे. कान्होजीने तिच्यासाठी दावण बांधून ठेवली आहे, आणि तिच्या कानात बिल्ला घालायचा नाही, असं त्याने मला न विचारताच ठरवलं आहे.

भालूदादा